भरिताचा हंगाम, शेवभाजीचे बारा महिने

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच जळगावच्या काही गल्ल्यांतून धूर निघायला लागतो. कचरा पेटवल्याचा नाही, कपाशीच्या काड्यांचा. नव्या भाडेकरूला वाटतं कुठे आग लागली. जुना जळगावकर नुसता वास घेऊन विचारतो, ‘भाव काय निघाला?’ भरीत सुरू झालेलं असतं.

महाराष्ट्रात भरीत सगळीकडे होतं, पण ते ताटाच्या डाव्या बाजूला वाढतात. खानदेशात भरीत म्हणजे जेवण. त्यासाठी नातेवाईक बोलावतात, सोयरीक जमल्यावर व्याह्यांना शेतावर नेतात, कार्यकर्ते खूश ठेवायचे तर पुढारी भरीत पार्टी देतात. शेतातल्या पार्टीत चूल बायकांच्या वाट्याला येत नाही. जाळ करणं, वांगी उलटणं, सोलणं, ठेचणं हे सगळं पुरुष करतात, आणि एरवी घरात पाण्याचा पेला न उचलणारा माणूस मिरची किती घालायची यावर तासभर वाद घालतो.

वांगं मात्र नेमकंच लागतं. लांबट, फिकट हिरवं, पांढऱ्या रेघांचं, पातळ सालीचं आणि कमी बियांचं. यावल तालुक्यातलं बामणोद आणि भालोद, जळगावजवळचं भादली, कवयित्री बहिणाबाई चौधरींचं माहेर असलेलं आसोदा ही त्याची नावाजलेली गावं. २०१६ साली ‘जळगाव भरीत वांगी’ला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही ते मिळालं, पण केळीच्या मानांकनाची चर्चा बाजार समितीत झाली आणि वांग्याची घराघरात.

आता जाळाविषयी, कारण सगळी मेख तिथेच आहे. कापूस वेचून झाला की शेतात उभ्या काड्या राहतात. वाळलेली काडी भसकन पेटते, मोठी ज्वाळा देते आणि लवकर विझते. वांग्याला हेच हवं असतं. ज्वाळेनं चारी बाजूंची साल एकदम करपते, आतलं पाणी वाफ होऊन गर शिजवतं आणि धूर गरात मुरतो. गॅसवर ज्योत एकाच ठिकाणी लागते. तिथं जळतं, देठाशी कच्चं राहतं आणि धुराचा तर पत्ताच नसतो. वांगं झालं का हे पाहायला जाणकार देठाजवळ बोटानं दाबतात. तिथं मऊ लागलं की काढायचं. देठ तोडत नाहीत, कारण तोच धरून साल ओढायची असते.

सोललेला गर लाकडी भांड्यात लाकडी दांड्यानं ठेचतात. मिक्सरमध्ये फिरवलं तर त्याची खळ होते. ठेचल्यानं रेषा राहतात आणि त्या जिभेला लागल्या पाहिजेत. हिरवी मिरची आणि लसूण भरडसर कुटून तेलात जातात, त्यावर शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, भरपूर कांद्याची पात, कोथिंबीर. टोमॅटो नाही. गोडा मसाला तर नाहीच नाही. कुणी टोमॅटो घालून त्याला ‘खानदेशी भरीत’ म्हणत असेल तर त्यानं बिनधास्त घालावा, फक्त नाव बदलावं.

सगळ्यांना कुठे शेत आहे? शहरात नोकरी करणाऱ्याला काड्या आणायच्या कुठून आणि फ्लॅटच्या बाल्कनीत जाळ करायचा कसा? या अडचणीतून भरीत सेंटरं निघाली. हंगामापुरता मांडव, मागे जाळ, पुढे वजनकाटा. तिथं दोन प्रकारचं गिऱ्हाईक येतं. एक तयार भरीत किलोनं नेणारं. दुसरं नुसती भाजून ठेचलेली वांगी नेऊन फोडणी घरीच देणारं, कारण मिरची किती हा प्रत्येक घराचा मानापमानाचा विषय असतो. सोबत कळण्याच्या पुऱ्या मिळतात. ज्वारीत अख्खे उडीद घालून दळलेलं हे पीठ. त्याची भाकरी रोजची, पुरी भरिताची. रात्रीच्या बसनं पुण्या-मुंबईला निघालेल्या पोराच्या पिशवीत भरिताचा डबा असतोच, आणि बसमधल्या बाकीच्यांनाही वासावरून ते कळतं.

मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. चातुर्मासात वांगं वर्ज्य करणाऱ्यांचं व्रत तोवर सुटलेलं असतं, थंडी वाढलेली असते, आणि मागणीला मग धरबंध राहत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरचे शेफ विष्णू मनोहर यांनी जळगावात एकाच कढईत अडीच हजार किलो भरीत केलं. विक्रम म्हणून ठीक आहे. पण भरिताची मजा पंधरा-वीस माणसांत.

धुळ्याकडे वळलं की धूर मागे पडतो आणि तर्री सुरू होते. हे शहर मुळात आखीव. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन ब्रिग्ज यांनी इथं मुख्य ठाणं केलं आणि जुन्या गावालगत सरळ रस्त्यांची वस्ती वसवली. गल्ल्यांना अजूनही नंबर आहेत. पत्ता सांगताना माणूस ‘गल्ली नंबर चार’ म्हणतो आणि रिक्षावाला पुढं काही विचारत नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग या शहरापाशी एकमेकांना छेदतात. मालमोटारी आल्या, ढाबे आले, आणि ढाब्यावर शेवभाजी आली.

ही भाजी बिनभाजीची आहे, आणि तिचं यश त्यातच आहे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की बाजारात पालेभाजी दुपारपर्यंत टिकत नाही. शेव मात्र डब्यात महिनाभर राहते. रात्री बाराला गिऱ्हाईक आलं तरी भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि काळा मसाला तेलात परतून रस्सा उकळायचा, की झालं. शेव जाड आणि तिखट लागते. चिवड्यातली बारीक शेव रश्शात पडताच विरघळते. जाडसुद्धा फार वेळ तग धरत नाही, म्हणून ती शेवटी पडते. पार्सल घेताना जाणता माणूस रस्सा आणि शेव वेगवेगळी बांधून घेतो. नाही घेतली तर घरी पोचेपर्यंत पिठलं तयार.

उन्हाळ्यात गल्लीचा कारभार बायकांच्या हाती येतो. आज हिच्या गच्चीवर बिबड्यांचे पापड, उद्या तिच्या. ज्वारीचं आंबवलेलं पीठ भल्या पहाटे शिजवायचं, ओल्या धोतरावर थापायचं आणि ऊन चढायच्या आत खाली उतरायचं. पातेल्यातला गरम घाटा तेल घालून खायला पोरं वाटी घेऊन जिन्यात उभीच असतात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आमरसासोबत खापरावरचे मांडे होतात. पुरुष ओट्यावर पत्ते कुटतात, आणि नुसते हौसेनं नव्हे. वर्षभर पत्त्यांना नावं ठेवणारी घरंही त्या दिवशी काणाडोळा करतात.

तर जळगावला भरितासाठी जायचं असेल तर दिवाळीनंतर जा, संक्रांतीच्या आसपास गेलात तर उत्तम. फेब्रुवारी सरला की ऊन लागून वांग्यात बिया धरतात आणि सेंटरांचे मांडव उतरतात. मे महिन्यात कुणी ‘अस्सल भरीत’ म्हणून पुढे केलं तर नम्रपणे नको म्हणा, शेवभाजी मागवा, आणि शेव वेगळी आणायला सांगा.