समोरची खुर्ची

दिवाळी अंकात खाण्यावरचा लेख म्हटला की वाचक चवीची वाट पाहतो. मिसळ कुठली झणझणीत, साबुदाणा वडा कुठला खुसखुशीत, खिमा कुठे अजून जुन्या पद्धतीने मिळतो. या आढाव्यातही ती नावं येतील, पण मला लिहायचंय ते बसण्याबद्दल. साध्या हॉटेलात दुपारी एकच्या गर्दीत वेटर बोटाने एक खुर्ची दाखवतो. समोर अनोळखी माणूस जेवत असतो. आपण बसतो, तो आपलं ताट थोडं जवळ ओढून घेतो, पाण्याचा जग आपल्याकडे सरकवतो. नाव कळत नाही, आडनाव तर नाहीच. दहा-पंधरा मिनिटं आपण एकमेकांसमोर जेवतो आणि उठून जातो. आपल्या समाजात ही साधी गोष्ट नव्हती. ती मिळवावी लागली, आणि आता ती हळूहळू आक्रसते आहे. म्हणून तिची नोंद व्हायला हवी असं मला कळकळीने वाटतं.

सुरुवात कोल्हापूरपासून करायला हवी. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून सवर्ण नोकरांनी मारहाण केली. महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा काढायला सांगितलं, मदत केली, आणि गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ हॉटेल उघडलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. मग महाराज फिरायला निघाले की आपली गाडी त्या हॉटेलासमोर उभी करू लागले. चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही प्यायला लावायचे. हुकूम काढून जे साधलं नसतं ते एका कपाने साधलं. महाराष्ट्रातल्या हॉटेलांचा इतिहास पुष्कळदा पदार्थांच्या शोधापासून सांगितला जातो. माझ्या मते तो या कपापासून सांगायला हवा.

कारण चहाचा कप हे भेदाचं साधन म्हणूनही वापरात होतंच. गावच्या चहाच्या दुकानात दलितांसाठी वेगळी कपबशी असायची; बाहेर ठेवलेली, ज्याची त्याने विसळून परत जागेवर ठेवायची. मराठी दलित आत्मकथनांत ती पुन्हा पुन्हा भेटते. शहरातल्या जुन्या उपाहारगृहांतही ब्राह्मणांची बसायची सोय निराळी असे. आपल्या राज्यघटनेतलं कलम १५ दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख करतं आणि तिथे धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही अडवता येणार नाही असं सांगतं. मूलभूत हक्कांच्या यादीत हॉटेलाला जागा मिळते, ती घटनाकारांनी ही अडवणूक जवळून पाहिली होती म्हणून. तरीही १९७२ मध्ये समाजसेवक बाबा आढावांना दलितांसाठी पाणवठे खुले करायला ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम घेऊन गावोगाव फिरावं लागलं. कायदा आधी झाला, बाक मागाहून मोकळे झाले, आणि काही ठिकाणी फार उशिरा.

मुंबईत हे मोकळेपण आलं ते बरंचसं बाहेरून आलेल्या माणसांमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणच्या यझ्द, केरमान भागांतून जरथुश्त्री आणि मुसलमान कुटुंबं मुंबईत आली, पुढे पुण्यातही. इथल्या जातींच्या उतरंडीत इराण्याला ठरलेली पायरी नव्हती. त्याच्याकडे चहा कुणीही प्यावा, पैसे द्यावेत आणि उठावं. धोबीतलावचं कयानी १९०४चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३चं, पुण्यात डेक्कनला गुडलक १९३५चं. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बरण्यांमधली खारी आणि नानकटाई, गल्ल्यावर बसलेला मालक, भिंतीवर आरसे. ब्रून मस्का चहात बुडवून खाणाऱ्या टॅक्सीवाल्यासमोर हायकोर्टाचा वकील बसलेला असे आणि दोघांच्या बशा सारख्याच असत. भिंतीवर सूचनांचे फलक असायचे. हे करू नका, ते करू नका. धोबीतलावच्याच बस्तानीतल्या अशा फलकावरून निसीम इझिकेल यांनी कविता केली. बस्तानी आता नाही, कविता आहे.

अरुण कोलटकरांचं नाव इथे घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. काळा घोडा चौकातल्या वेसाइड इनमध्ये ते वर्षानुवर्षं बसत, गुरुवारी मित्र जमत. २००४ साली आलेल्या ‘काळा घोडा पोएम्स’ या इंग्रजी संग्रहातलं जग म्हणजे तो चौक. त्यात न्याहारीवर एक दीर्घ कविता आहे. फुटपाथवर राहणारी माणसं इडलीवालीची वाट पाहत जमतात, तिचा ॲल्युमिनियमचा मोठा डबा उघडतो आणि सगळा चौक जेवू लागतो. मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतल्या एका थोर कवीला रोज बसायला परवडेल असं टेबल शहराने दिलं, आणि त्या टेबलावरून दिसणाऱ्या उपाशी माणसांना त्याने कवितेत पंगतीला बसवलं. एका चहावर तासभर बसू देणाऱ्या मालकांचं साहित्यावर केवढं ऋण आहे! वेसाइड इन बंद झाल्यावर ही मंडळी फोर्टमधल्या मिलिटरी कॅफेत जाऊ लागली.

एका चहावर तासभर बसू देणं मालकाला कसं परवडत होतं? उत्तर भाड्यात आहे. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १९४०च्या पातळीला बांधली. पागडी देऊन घेतलेल्या कोपऱ्यावरच्या दुकानाचं भाडं पुढची अनेक दशकं जवळजवळ हललंच नाही. १९९९च्या नव्या कायद्याने बँका आणि मोठ्या भांडवलाच्या कंपन्या यांचं संरक्षण काढून घेतलं, छोट्या भाडेकरूचं ठेवलं. घरमालकांवर यात अन्याय झाला हे खरं आहे. पडझडीला आलेल्या इमारती त्याचीच साक्ष देतात. पण स्वस्त चहाच्या मागे ही गोठलेली भाडी होती हेही तितकंच खरं. जिथे हे संरक्षण नव्हतं, किंवा पुढच्या पिढीला भट्टीपुढे उभं राहायचं नव्हतं, तिथे इराण्याने दारूबंदी सैल झाल्यावर परमिट रूम काढली किंवा जागा विकली. लंडनमध्ये २०१० साली दिशूम नावाचं उपाहारगृह उघडलं. ते मुंबईच्या इराणी हॉटेलांची आठवण म्हणून सजवलेलं आहे आणि आज तिथे रांगा लागतात. सजावट नेता येते. तासभर बसू देणारं भाडं नेता येत नाही.

उडुप्यांनी हेच गणित वेगळ्या वाटेने सोडवलं, वेगाने. मंदिराच्या स्वयंपाकघरांची परंपरा असलेल्या दक्षिण कानड्यातून पोरं मुंबईला आली, दिवसा भांडी घासली, रात्रशाळेत शिकली आणि पुढे मालक झाली. माटुंग्याचं रामाश्रय १९३९चं, कॅफे मद्रास १९४०चं, रामा नायकांचं श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२चं. तिथे अजून केळीच्या पानावर जेवण वाढलं जातं. ऑर्डर दिली की चार-पाच मिनिटांत इडली समोर आणि पाण्याचा ग्लास रिकामा व्हायच्या आत बिल. टेबल मोकळं करा, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. ही घाई काहींना खटकते. मला ती न्यायाची वाटते. माटुंग्याला रविवारी सकाळी दारात वही घेऊन उभा असलेला माणूस नाव लिहून घेतो आणि क्रमाने बोलावतो. तिथे मोटारीतून उतरलेल्याचा नंबर पायी आलेल्याच्या आधी लागत नाही.

पुण्यात वैशाली आणि रूपाली ही दोन नावं पुरेत. विद्यार्थ्यांच्या पिढ्या तिथे वाढल्या आणि शेव-बटाटा-दही-पुरीच्या प्लेटवर चळवळींच्या बैठका झाल्या. अमृततुल्य चहाची दुकानं राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी कुटुंबांनी पेठापेठांतून उभी केली. पितळी भांडं, वेलची कुटण्याचा आवाज, उभ्याउभ्या चहा. आता त्याच नावाच्या साखळ्या गावोगाव पोचल्यात. चहा सगळीकडे एका चवीचा झाला, बाकडं मात्र बहुतेक ठिकाणी गेलं.

मराठी उपाहारगृहांत दादरचं मामा काणे यांचं ‘स्वच्छ उपाहारगृह’ १९१०चं. नावातच स्वच्छतेची ग्वाही. दादरच्याच आस्वादच्या मिसळीला २०१५ साली लंडनमध्ये जगातला सर्वात चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून पुरस्कार मिळाला आणि महिनाभर बाहेर रांगा होत्या. मिसळीची खरी जागा मात्र कचेऱ्यांच्या आसपासच. ठाण्याची मामलेदार मिसळ मामलेदार कचेरीच्या जवळ १९४६ पासून चालू आहे. जमिनीच्या कामासाठी आलेला शेतकरी, दाखल्यासाठी आलेली विद्यार्थिनी, कचेरीतला कारकून हे सगळे तिथे एकाच पातेल्यातून खातात. मिसळीचा रस्सा कोल्हापूरला कट, नागपूरला तर्री, कुठे सँपल. पण पुन्हा मागितला तर नाही म्हणायचं नाही, हा रिवाज सगळीकडचा. कमी पैशात पोट भरायला आलेल्या माणसाची लाज राखणारा हा रिवाज आहे. म्हणूनच आता काही ठिकाणी ‘रस्सा जादा’चे वेगळे पैसे लावतात तेव्हा मला वाईट वाटतं.

गोव्यात पणजीला सकाळी टाटो किंवा भोसलेत जावं. पातळ भाजी, सुकी भाजी, पाव, गोड बन, मिरची, चहा. सरकारी कचेरीतले, मासळी विकून परतणारे, शाळेचे मास्तर, सगळे खेटून बसलेले आणि बोलणं कोंकणी, मराठी, मध्येच पोर्तुगीज शब्द. बाहेरच्या पर्यटकांना समुद्रकाठचे कॅफे दाखवले जातात. गोव्याची सकाळ या टेबलांवर होते.

आता खानावळी. या आढाव्यातला हा भाग मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे वाढणारी बाई असते आणि तिचं नाव पाटीवर नसतं. गिरणगावात कोकण-घाटावरून आलेले कामगार दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे. त्यांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या चाळीतल्याच बायका. पहाटे उठून भाकऱ्या, आमटी, कधी सुकट. हिशेब महिन्याचा, न जेवलेल्या दिवसाचा खाडा धरायचा. संपाच्या दिवसांत याच बायकांनी उधारीवर जेवू घातलं आणि सावकाराचं व्याज स्वतः फेडलं. प्रेमा पुरव गोवा मुक्ती लढ्यातून मुंबईला आलेल्या, कामगार चळवळीतल्या कार्यकर्त्या. या बायकांच्या हातात एवढं मोठं काम असून बँक त्यांना दारात उभं करत नाही हे त्यांनी पाहिलं आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. खानावळवाल्या एकमेकींना जामीन राहिल्या, बँकेचं कर्ज मिळालं, सावकार सुटला. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बुडाल्या, जेवणारे गावी गेले. जेवणाऱ्यांबरोबर त्या खानावळीही संपल्या.

नागपुरात उलटं घडलं. हातमाग आणि गिरण्यांचं काम आटलं तेव्हा विणकर कोष्टी कुटुंबांतून सावजी भोजनालयं निघाली. आधी घराच्याच पुढच्या खोलीत दोन बाक टाकले, तिखट मटणाच्या वासाने गिऱ्हाईक आलं, आणि आज तीच शहराची ओळख आहे. मागावरचा हात मसाल्यावर गेला, त्यामागे एका अख्ख्या धंद्याचं बुडणं आहे हे तिथे जेवताना लक्षात ठेवायला हवं.

बायका या सगळ्या इतिहासात रांधणाऱ्या म्हणून भरपूर दिसतात, बसणाऱ्या म्हणून फार उशिरा. इराण्याकडे आणि उडुप्याकडेही ‘फॅमिली रूम’ असायची. लाकडी आडोसा, झुलतं दार, आत कुटुंबं. एकटी बाई बाहेरच्या टेबलावर चहा पीत बसली तर माना वळत. नव्या कॅफेंनी हे बदललं. दीडशे-दोनशे रुपयांची कॉफी महाग आहे, पण लॅपटॉप उघडून एकटी बसलेली मुलगी तिथे कुणाला खटकत नाही. ही मोठी कमाई आहे आणि ती मान्य करायला हवी. खंत एवढीच की तिथली टेबलं दोघांची, कानात हेडफोन, आणि समोरची खुर्ची रिकामी असली तरी दुसरं कुणी तिथे बसत नाही. घरपोच ॲपवाल्यांसाठी चालणाऱ्या स्वयंपाकघरांना तर खुर्चीच नाही. तिथे येणारा एकमेव माणूस पार्सल नेणारा, आणि तोही फुटपाथवर मोटारसायकलला टेकून उभा.

सरकारी प्रयोगही झाले. १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर. केंद्रांच्या जागा मोक्याच्या होत्या आणि योजना काही वर्षांत बंद पडली. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन दहा रुपयांत, टाळेबंदीत ते पाच रुपयांवर आलं. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. त्याआधी कितीतरी वर्षं पुण्यात हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ चालवून दाखवलं होतं की कष्टकऱ्यांची संघटना स्वतः स्वस्त आणि चांगलं जेवण देऊ शकते. मला या सगळ्यांत तेच अधिक टिकाऊ वाटतं, कारण जेवणारा तिथे मालकही आहे.

आणि खानावळ संपली म्हणावं तर ती पुण्याच्या सदाशिव पेठेत, नारायण पेठेत नव्याने उभी आहे. मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूर-धाराशिवहून स्पर्धा परीक्षांच्या तयारीला आलेली मुलं-मुली जुन्या वाड्यांच्या तळमजल्यावरच्या मेसमध्ये जेवतात. कूपनाचं पुस्तक, लांब बाक, स्टीलची ताटं, रविवारी एक गोड आणि रात्री सुट्टी. चालवणारी बहुतेक ठिकाणी बाईच. गॅस आणि तेल महागलं की ती आधी भाजीतलं तेल कमी करते आणि मगच, नाइलाजाने, महिन्याचे पैसे वाढवते. बाकावर समोर बसलेला मुलगा कुठल्या जिल्ह्याचा, कितवा प्रयत्न, राज्यशास्त्राच्या नोट्स कुणाच्या, हे पहिल्याच आठवड्यात कळतं. याच मुलांना खोली भाड्याने घेताना कित्येकदा आधी आडनाव विचारलं जातं. मेसच्या बाकावर महिन्याचे पैसे भरले की पुरतं. आता पेठांतले वाडे एकेक करून पुनर्विकासाला चाललेत, आणि नव्या इमारतीच्या आराखड्यात तळमजल्याला पार्किंग आहे.