पदवीधर शिक्षक होण्याची वाट

जालना-भोकरदन मार्गावरील केदारखेड्यासारख्या गावात बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलाने वा मुलीने ‘शिक्षक व्हायचे आहे’ असे सांगितले, की घरच्यांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो: आता कोणत्या अभ्यासक्रमास प्रवेश घ्यावा? हा निर्णय पुरेशी माहिती न घेता झाला, तर चूक काही वर्षांनी ध्यानात येते. तोवर शेतकरी कुटुंबाचा पैसा आणि उमेदवाराची वर्षे खर्ची पडलेली असतात.

मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय फार जुनी नाही. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राजवटीत होता व १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि येथील तरुणांना आपल्या विभागातील विद्यापीठाची पदवी मिळू लागली.

पदवी कशासाठी?

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा या प्रत्येक गटास किमान एक शिक्षक असावा, अशी त्यात तरतूद आहे. या इयत्तांत बीजगणित, विज्ञानातील प्रयोग व व्याकरण यांचा पाया घातला जातो. म्हणूनच राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने या वर्गांसाठी पदवी व अध्यापनाची व्यावसायिक अर्हता अशा दोन्ही गोष्टी आवश्यक ठरविल्या.

दोन प्रमुख मार्ग

पहिला मार्ग म्हणजे तीन वर्षांची पदवी आणि त्यानंतर बी. एड. हा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला आहे. दुसरा मार्ग म्हणजे बारावीनंतर दोन वर्षांची डी. एल. एड. पदविका आणि त्याखेरीज पदवी. दोहोंस साधारणतः पाच वर्षे लागतात. फरक आहे तो पुढे खुल्या होणाऱ्या संधींचा. बी. एड. धारकास नववी-दहावीचे वर्गही खुले होतात. परंतु पहिली ते पाचवीसाठी बी. एड. ही अर्हता ग्राह्य नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिला. पदविकाधारकास मात्र पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर त्या खालच्या वर्गांसाठीही अर्ज करता येतो. ज्या कुटुंबास लवकर मिळवत्या हाताची निकड आहे, त्याने हा भेद आधीच जाणून घेणे अगत्याचे आहे. याशिवाय पदवी व बी. एड. एकत्र देणारे चार वर्षांचे एकात्मिक अभ्यासक्रमही आहेत.

परीक्षेची पायरी

अर्हतेबरोबरच शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात ती प्रथम १५ डिसेंबर २०१३ रोजी घेण्यात आली. सहावी ते आठवीसाठी असलेला दुसरा पेपर १५० गुणांचा असतो. त्यात बालमानसशास्त्र व दोन भाषा यांना प्रत्येकी ३० गुण, तर गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांपैकी एका गटास ६० गुण असतात. सर्वसाधारण उमेदवारास ६० टक्के, म्हणजे ९० गुण मिळवावे लागतात. त्यामुळे पदवीसाठी निवडलेला विषयच पुढे परीक्षेत आणि वर्गातही कामी येतो. जिल्हा परिषदेच्या शाळांतील भरतीसाठी याखेरीज अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते.

ही पायरी आता सेवेतील शिक्षकांनाही चुकलेली नाही. १ सप्टेंबर २०२५ च्या निर्णयानुसार, ज्यांच्या सेवानिवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ आहे, त्यांना दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागणार आहे.

गावाचे कर्तव्य

बारावीचा निकाल लागताच मुख्याध्यापक, ग्रामपंचायत सदस्य व शाळा व्यवस्थापन समिती यांनी इच्छुकांना एकत्र बोलावून ही माहिती द्यावी. प्रवेशापूर्वी संबंधित महाविद्यालयास राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आहे काय, याची खात्री करून घेण्यास सांगावे. त्यासाठी एका दुपारची सभा पुरेशी आहे. तेवढ्या मार्गदर्शनाने एखाद्या मुलीची दोन वर्षे वाचतील आणि उद्या कोण्या गावातील सातवीच्या वर्गास विषय जाणणारी शिक्षिका लाभेल.