विश्लेषण : सेल्फ मारला, गाडी मात्र ढिम्म! बिघाड नेमका कुठे, हे आवाजावरून कसे ओळखाल?

थंडीची सुट्टी लागली की पुणे-बंगळूरु महामार्गावरून सुरूर फाट्याला वळलेल्या गाड्यांची वाईत रांग लागते. गणपती घाटावर दर्शन, चहा-नाश्ता, की पुढे पसरणी घाट चढून पाचगणी-महाबळेश्वर. नाश्ता करून परत येईपर्यंत गाडी रुसलेली असते, असे अनेकांच्या वाट्याला येते. मग चार जण जमतात आणि पहिला सल्ला मिळतो तो ‘धक्का मारा’. त्याआधी पाच सेकंद गाडीचा आवाज ऐकला, तर निम्मे निदान तिथेच होते.

आवाज कसा येतो?

किल्ली फिरवल्यावर ‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज आला, तर बहुतेक वेळा दोष बॅटरीचा किंवा तिच्या टर्मिनलचा. सेल्फवरचा सोलेनॉइड थोड्या करंटवर ओढला जातो, पण सेल्फची मोटर फिरवायला शंभराहून अधिक अँपिअर लागतात. तेवढे द्यायला गेली की अशक्त बॅटरीचा दाब कोसळतो, सोलेनॉइड सुटतो, दाब सावरला की पुन्हा ओढला जातो. टकटक होते ती यामुळे. बॉनेट उघडून टर्मिनल हाताने हलवून पाहा. ते सैल असेल किंवा त्यावर पांढरा-हिरवा थर साचला असेल, तर बॅटरी बदलण्याआधी तेवढे साफ करून घट्ट आवळा. अनेकदा खर्च तिथेच वाचतो.

एकच जोरदार ‘टक’ येऊन सारे शांत झाले, तर आतला दिवा लावून पुन्हा सेल्फ मारा. दिवा एकदम मंदावला तर संशय बॅटरीवर. तसाच लख्ख राहिला तर सेल्फवर.

काहीच आवाज नाही? मग घाबरण्याआधी साध्या गोष्टी पाहा. ऑटोमॅटिक गाडीचा गिअर ‘पी’ किंवा ‘एन’वर आहे का? अनेक नव्या गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ घेतच नाहीत. मीटरवर किल्लीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत असेल, तर गाडीने किल्ली ओळखलेली नाही. दुसरी किल्ली लावून पाहा.

सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही?

इथे बॅटरीला दोष देऊ नका. किल्ली ‘ऑन’ करून कान द्या. बहुतेक पेट्रोल गाड्यांत मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक गुणगुण येते, तो इंधनपंप. ती आली नाही तर आधी फ्यूज पाहा. डिझेल गाडीची टाकी रिकामी होऊन लाइनमध्ये हवा शिरली असेल, तर नुसते डिझेल ओतून भागत नाही, हवा काढावी लागते. सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मध्ये अर्धा मिनिट थांबावे. नाहीतर इंधनाच्या बिघाडापायी बॅटरीही बसते.

थंडीतच हे का होते?

वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, त्या पहाटे दोन गोष्टी एकदम घडतात. बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिन ऑइल दाट होते. म्हणजे ताकद घटते आणि ओझे वाढते. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. रात्रभर उभ्या गाडीत आकडा १२च्या खाली गेला असेल, तर ती जवळपास रिकामी समजा.

दुसऱ्या गाडीवरून जंपर केबल लावताना लाल वायर आधी आपल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचे शेवटचे टोक आपल्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघू शकतो. ठिणगी तिथे नको.

घाटात उतारावर सोडून सुरू करावी का?

नाही. इंजिन बंद असले की ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो. नंतर पॅडल दगडासारखे लागते आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते. पसरणी घाटातल्या वळणांवर, एका बाजूला दरी असताना, हा खेळ जिवावर बेतू शकतो. शिवाय आजच्या गाडीचा पंप आणि कॉम्प्युटर बॅटरीवरच चालतात. बॅटरी पार मेलेली असेल, तर कितीही ढकला, उपयोग नाही. जुन्या अ‍ॅम्बेसिडरचा अनुभव इथे चालत नाही. ऑटोमॅटिक गाडी तर ढकलून सुरू होतच नाही. गाडी कडेला घ्या, हॅझर्ड लाइट लावा, चाकामागे दगड ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३, इतरत्र तातडीच्या मदतीसाठी ११२.

पुरातून निघालेल्या गाडीचे काय?

तिला सेल्फ मारूच नये. कृष्णेला पूर आला की वाईतला घाट पाण्याखाली जातो. खाली सांगलीत २०१९ आणि २०२१ साली घराघरांपुढच्या गाड्या बुडाल्या. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला, तर पाणी दाबले जात नाही आणि पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. काही हजारांत भागणारे काम इंजिन उतरवण्यापर्यंत जाते. हे नुकसान नेहमीच्या विमा पॉलिसीत बहुधा धरले जात नाही. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे वेगळे कलम घ्यावे लागते. आधी बॅटरीची मायनस वायर काढा, पाणी कुठवर होते त्याचा फोटो घ्या आणि गाडी टोचन लावून नव्हे, उचलून गॅरेजला न्या.