नीरेच्या पाटावरील सल्लामसलत

एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात नीरेचा डावा कालवा बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या शिवारांतून वाहू लागला, तेव्हा ज्या मुलखात अवर्षण पाचवीला पुजलेले त्या मुलखातील कुणबी पाटाचे पाणी पाहताच अर्ज घेऊन कचेरीच्या दारात रांग लावील, अशी अपेक्षा बाळगणे स्वाभाविक होते. परंतु पाऊस बरा झाला की पाण्याची मागणी ओसरावी आणि दुष्काळ पडला की ती एकाएकी वाढावी, असा क्रम पुढे बरीच वर्षे चालू राहिला. कुणबी आळशी आहे, जुन्याला चिकटून बसणारा आहे, असा निर्वाळा अशा वेळी देऊन टाकणे फार सोपे असते, आणि तो देणाऱ्यांची वाण आजही नाही. वास्तविक ज्वारी-बाजरीच्या जिरायतीवर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेल्या माणसाने रोख पाणीपट्टी भरून, खत विकत घेऊन, वर्षभर शेतात उभे राहणारे पीक करावयाचे, म्हणजे सगळा संसारच नव्या हिशेबावर मांडावयाचा होता. आणि त्या हिशेबाविषयी विश्वासाने दोन शब्द विचारावेत असे माणूस गावात नव्हते. सरकारी माणूस यायचा तो वसुलीचे दप्तर काखोटीला मारून.

विचारण्याजोगी माणसे आली ती सासवडकडून. तिकडची माळी कुटुंबे कालव्यालगतच्या जमिनी खंडाने घेऊन या भागात उतरली. ऊस, गूळ आणि भरपूर खत यांचा व्यवहार त्यांच्या हातचा होता. खताच्या गाड्या किती पडल्या, बेणे कसे निवडले, पाण्याच्या दोन पाळ्यांत किती दिवस जाऊ दिले, गुळाच्या ढेपांना पेठेत काय भाव मिळाला, हे सारे स्थानिक शेतकऱ्याला बांधापलीकडून दिसत होते, आणि गुऱ्हाळावर बसल्या बसल्या विचारताही येत होते. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती की कोणासमोर अडाणी ठरण्याची भीती नव्हती. हळूहळू त्यानेही ऊस धरला. कॅनडातील मानवशास्त्रज्ञ डोनाल्ड ॲटवूड यांनी पश्चिम भारतातील उसाच्या राजकारण-अर्थकारणावर 1992 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या पट्ट्याचा इतिहास बारकाईने मांडला असून, त्यात या स्थलांतरित माळ्यांच्या कर्तबगारीला मानाचे स्थान आहे. पुढे 1930 नंतरच्या दशकात याच समाजाने अकलूजजवळ माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभारला, पण तो विषय निराळा.

नव्या गोष्टीची वार्ता कोणीही आणू शकतो, परंतु ती करून पाहण्याचे धैर्य मात्र आपल्याच पायरीच्या माणसाकडून मिळते, हा अनुभव काही केवळ नीरेकाठचा नाही. अमेरिकेतील आयोवा संस्थानात संकरित मक्याचा प्रसार कसा झाला याचा अभ्यास ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी केला व 1943 साली प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की, संकरित बियाण्याचे नाव शेतकऱ्यांनी प्रथम ऐकले ते बहुतांशी विक्रेत्यांच्या तोंडून. पण ते पेरण्याचा निश्चय झाला तो शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून, आणि या ऐकण्या-पेरण्याच्या दरम्यान कित्येक वर्षे लोटली. आपल्याकडे विस्तारकार्याची यंत्रणा उभी करणाऱ्यांनी हे वाचले नव्हते असे नाही. मात्र वाचलेले आणि अंमलात आणलेले यांच्यामध्ये सरकारी कारभारात पुष्कळ टेबले असतात.

1952 साली गांधीजयंतीच्या दिवशी सामूहिक विकास योजना सुरू झाली, पुढल्या वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा आली, आणि गावोगाव ग्रामसेवक नावाची नवी असामी दिसू लागली. तलाठ्याला म्हणावयाचे ‘भाऊसाहेब’ हे संबोधन लोकांनी त्यालाही देऊन टाकले. त्यात आदर होता, आणि थोडे अंतरही होते. याच सुमारास, 1956 साली, आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने जो प्रयोग केला, त्याची आठवण आज फारशी कोणाला राहिलेली नाही. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे 150 गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास शेतीविषयक कार्यक्रम ऐकावयाचा आणि तो संपला की रेडिओ बंद करून त्यावर आपसात चर्चा करावयाची, असा परिपाठ दहा आठवडे चालला. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची तपासणी केली, तेव्हा मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत भरघोस वाढ झालेली आढळली. ज्या गावांत मंडळ नव्हते तेथे ती नाममात्रच होती, मग गावात रेडिओ असो वा नसो. म्हणजे ज्ञान पेटीतून आले खरे, पण ते मुरले पारावरच्या वादावादीत. ज्याला आपली शंका चारचौघांत बोलून दाखवता आली, दुसऱ्याचा आक्षेप खोडून काढता आला, त्याच्याच पदरात ते ज्ञान पडले.

बारामतीच्या जिरायती टापूत मात्र बोलण्याचा विषय पिकाच्या आधी पाण्याचा होता. 1960 नंतरच्या दशकातील दुष्काळी वर्षांत, चर्चशी संबंधित मदतसंस्थांकडून आलेल्या धान्याच्या मोबदल्यात श्रमदानासारखे काम उभे करून, तांदुळवाडी आणि अन्य गावांतून पाझर तलाव बांधले गेले, आणि त्या कामातूनच 1971 साली कृषी विकास प्रतिष्ठान ही संस्था जन्मास आली. अप्पासाहेब पवार हे तिचे प्रमुख सूत्रधार. पाझर तलावाचे गणित कागदावर निर्विवाद असते: पाणी अडते, जिरते, खालच्या अंगाच्या विहिरींना पाझर फुटतो. गावात ते निर्विवाद कधीच नसते, कारण बुडते ती एकाची जमीन आणि पाणी लागते ते दुसऱ्याच्या विहिरीला. ज्याची जमीन जाणार त्याच्या ओसरीवर कितीदा बसावे लागते, त्याच्या भावकीतले कोणते जुने भांडण त्या बांधाखाली पुरलेले आहे, मोबदल्याचा शब्द कोणी दिला तर तो खरा मानेल, या गोष्टी कोणत्याही अभियंत्याच्या नकाशात उतरत नाहीत. अशा कामात बोलणारा कोण, त्याने यापूर्वी दिलेला शब्द पाळला होता का, यावरच सारे ठरते. वक्तृत्वाला येथे फारशी किंमत नाही.

पुढे जागतिक बँकेच्या पुरस्काराने आणि डॅनियल बेनॉर या इस्रायली तज्ज्ञाच्या कल्पनेतून ‘प्रशिक्षण व भेट’ योजना आली. पंधरवड्यातून ठरल्या वारी ठरल्या गावी जाऊन निवडक संपर्क शेतकऱ्यांना संदेश द्यावयाचा आणि तो त्यांच्याकडून इतरांपर्यंत झिरपेल अशी आशा करावयाची, असा तिचा सांगाडा होता. शिस्त वाखाणण्यासारखी होती. पण संपर्क शेतकरी म्हणून निवडला जाई तो बहुधा रस्त्याकडेच्या बागायतीचा धनी, आणि झिरपण्याचे काम पाण्याइतके मनुष्यस्वभावाला जमत नाही.

ऊसपट्ट्यातील एक नेहमीचा प्रसंग पाहावा. पाटपाण्यावर भिजवलेल्या उसात तरुण कृषी सहाय्यक उतरतो, मूठभर माती उचलून तिचा मुटका वळतो, तो मोडत नाही असे पाहून म्हणतो, “तात्या, पाणी जास्त होतंय. वाफसा येऊ द्या, मगच द्या. नाहीतर रान चोपण व्हायला वेळ लागत नाही.” तात्या मान हलवतात. सहाय्यकाने येथेच वहीत ‘मार्गदर्शन केले’ अशी नोंद करून फटफटी काढली, तर त्याचे काम कागदोपत्री पूर्ण झाले. तो बांधावर टेकला, तात्यांनी पुढे केलेली तंबाखू नको म्हणून का होईना दोन मिनिटे बसला, तर वाक्य बाहेर पडते: “भाऊसाहेब, वाफसा आम्हालाबी कळतो. पुढची पाळी कवा येणार तेवढं तुमी सांगा, मंग मी पाणी तोडतो.” तात्यांना अज्ञानाने ग्रासलेले नाही, आवर्तन लांबले तर ऊस वाळेल या धास्तीपोटी, मिळते आहे तोवर ते घेऊन ठेवीत आहेत, आणि विजेचा पंप रात्री कधी चालेल याचीही शाश्वती त्यांना नाही. मुटक्याचा धडा येथे गैरलागू आहे. उपयोगी पडेल तो विहिरीचा, शेततळ्याचा, ठिबकच्या अनुदानाचा, किंवा पाटबंधारे शाखेत चार जणांनी मिळून जाण्याचा सल्ला. सल्लागाराने आधी ऐकून घ्यावे, हे तत्त्व सौजन्याचे म्हणून शिकवले जाते; माझ्या मते ते निदानाचे आहे.

शिवाय सल्ला देणारे अनेक आहेत, आणि प्रत्येकाच्या बोलण्यामागे काही ना काही उभे असते. साखर कारखान्याच्या शेतकी खात्याचा कर्मचारी पाचट जाळू नका, सरीत दाबा, असे सांगतो. पाचट कुजवल्याने ओल टिकते व जमिनीचा कस वाढतो, हे सत्यच आहे. पण उसाला तोड कधी मिळणार हेही त्याच खात्याच्या हाती असल्याने, त्याच्यापुढे शेतकरी जे ‘होय’ म्हणतो, त्यातले किती पाचटासाठी आणि किती तोडीच्या तारखेसाठी, हे सांगणे कठीण. कृषी सेवा केंद्राचा दुकानदार रात्री आठलाही भेटतो, उधारी देतो, तेलकट डाग पडलेले डाळिंब खिशातून काढून दाखवले की लगेच बाटली पुढे करतो. इंदापुरातील डाळिंबाच्या बागांत सर्वांत तत्पर सल्लागार तोच. बाटली खपवणे हाच त्याचा धंदा, आणि शेतकऱ्यालाही ते ठाऊक असते. तरीही तो त्याच्याकडे जातो, कारण तो तेथे असतो. सरकारी यंत्रणेने दुकानदारास दोष देण्यापूर्वी त्याच्या हजेरीकडे पाहावे.

बोरीसारख्या द्राक्षाच्या गावांत ही अडचण बागायतदारांनी आपल्यापुरती सोडवली आहे. खरड छाटणी आणि ऑक्टोबर छाटणी यांच्या हंगामात एकमेकांच्या बागा पायी हिंडावयाच्या, घडांची संख्या आणि पानांचा रंग पाहून तोंडावर टीका करावयाची, आणि ती सहन करावयाची, ही रीत द्राक्षवाल्यांत रुळलेली आहे. रोगाची चाहूल लागली की ती लपवण्यापेक्षा सांगण्यात आपला फायदा, हे त्यांना नुकसान सोसून कळले.

या सगळ्या संभाषणात निम्मे माणूस बहुधा गैरहजर असते. गोठ्यातील गाय माजावर आहे की नाही, कोणती गाय खात नाही, हे घरातील बाईला आधी कळते. खुरपणीला कोणत्या सरीत तण जास्त, हेही तिलाच. पण पशुपालनाची सभा चावडीवर भरते, आणि तीही नेमकी धारेच्या वेळी. बचत गटांच्या बैठकांतून हा विषय काही गावांत निघू लागला, तो मुद्दाम आखून असे म्हणता येणार नाही. हप्ते गोळा करण्यास बायका एकत्र बसल्या आणि बोलणे दुधाच्या फॅटवर आले.

बारामतीजवळच्या शारदानगर येथील कृषी विज्ञान केंद्राच्या प्रक्षेत्रावर भरणाऱ्या ‘कृषिक’ प्रदर्शनात पिके जागच्या जागी उभी दाखवतात, हे मला तक्त्यांपेक्षा शहाणपणाचे वाटते. आता तेथेच मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने कृत्रिम बुद्धिमत्तेवर ऊस घेण्याचा प्रयोग सुरू आहे; उपग्रह, हवामान केंद्र आणि जमिनीतील संवेदक यांच्यावरून आज पाणी द्यावे की नाही, याचा संदेश शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीवर येतो. संदेश अचूक असेल. तात्या तो वाचतील, मग बांधावरून शेजाऱ्याला हाक मारून विचारतील की, तुला काय आलंय, आणि तू काय केलंस. आणि पाटाची पाळी शुक्रवारी आहे की पुढच्या आठवड्यात, हा प्रश्न दोघे मिळून पाटकऱ्याला विचारायला जातील.