आधी गाडी, मग कर्ज

परवा रोह्याहून एक बाई मुलाला घेऊन पेणला माझ्याकडे आल्या. मुलगा एकोणीस वर्षांचा, खिशात परवाना फक्त स्कूटरचा. त्याला लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा होता आणि त्यासाठी भातजमीन तारण ठेवून ट्रकच घ्यायचा होता. ‘साहेब, तुम्ही बँकेत होतात, एवढे कागद बघा.’

कागद चोख होते. पण मला आठवला रोह्याला असताना माझ्याच सहीने मंजूर झालेला एक ट्रक. हप्ते थकले, गाडी ओढून आणली. त्या माणसाला गाडी उत्तम चालवता येत होती. टायर, डिझेल आणि परतीचा रिकामा फेरा यांचा हिशेब येत नव्हता. मी तरी त्याला तो कुठे विचारला होता?

१९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रकसाठी वयाची वीस वर्षं पुरी लागतात. त्याआधी हलक्या वाहनाचा परवाना निदान वर्षभर हातात हवा. हे सगळं पेणच्या आरटीओत होतं. आठवी पासची अट २०१९ साली निघाली. मात्र धाटावच्या कारखान्यांतून रसायनांचा टँकर न्यायचा, तर तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं.

मुलाला म्हटलं, ‘आधी वर्षभर टेम्पो चालव. मग कोणाच्या तरी ट्रकवर क्लीनर म्हणून एक पावसाळा काढ. रात्री तीनला झोप आवरते का, ते बघ. जमीन कुठे पळून जात नाही.’

बाईंनी कागद पिशवीत घातले. मुलगा दारात घुटमळला.

‘काका, क्लीनरला पगार किती मिळतो हो?’