‘येतो’ म्हणून गेलेलं जहाज

आपल्या घरांत निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. मराठीत ‘येतो’ म्हणायचं, कन्नडमध्ये ‘होगि बर्तीनि’. २०२०च्या डिसेंबरात माझा भाचा हुबळीच्या घरातून निघाला, तेव्हा दोन्ही म्हणून झालं. माझ्या बहिणीला मराठीत, तिच्या सासूबाईंना कन्नडमध्ये. आज्जींनी विचारलं, ‘‘यावाग बर्ती?’’ तो म्हणाला, ‘‘मुंदिन वर्ष, हडगु बंद म्याल.’’ पुढच्या वर्षी, जहाज आलं की!

भाचा डिझेल मेकॅनिक. निघाला होता अंटार्क्टिकाला, आपल्या ‘मैत्री’ केंद्रावर. एरवी बरेचजण विमानाने केपटाउनला जाऊन तिथे जहाजावर चढतात. पण ते कोरोनाचं वर्ष. आधी गोव्यात विलगीकरण झालं आणि ५ जानेवारी २०२१ला गोव्याहूनच चाळिसावी मोहीम निघाली. निरोप द्यायला धक्क्यावर जाता आलं नाही. डब्यात शेंगाचटणी आणि संक्रांतीचे कुसरेळ्ळु, म्हणजे आपला हलवा, तेवढा सोबत गेला.

जहाज होतं रशियन, ‘वासिली गोलोव्हनिन’, भाड्याचं. पहिल्यापासून असंच चालत आलं आहे. ६ डिसेंबर १९८१ला डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीसजण गोव्याहून निघाले, तेही नॉर्वेच्या ‘पोलर सर्कल’वरून. ९ जानेवारी १९८२ला ते बर्फावर उतरले. १९८३च्या तिसऱ्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या, औंधच्या पंत घराण्यातल्या डॉ. अदिती पंत आणि बंगालच्या डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. भारताच्या अंटार्क्टिका मोहिमेवर गेलेल्या या पहिल्या स्त्रिया.

मला वाटायचं, असलं जहाज करवतीसारखं बर्फ कापत जातं. तसं नाही. त्याचं नाक तिरपं असतं. ते बर्फावर चढतं आणि आपल्या वजनानेच तो फोडतं. फुटला नाही तर मागे यायचं, पुन्हा धडक द्यायची. मात्र बर्फासाठी गोलसर केलेला तळ उघड्या समुद्रात फार डुलतो. तिकडच्या लाटांत भाच्याला चार दिवस शेंगाचटणीचा वासही सहन झाला नाही!

बर्फ फोडणं हा झाला रस्ता. खरं काम पुढे. वर्षभराचं डिझेल, धान्य, औषधं, यंत्रांचे सुटे भाग उतरवायचे. काही सामान हेलिकॉप्टरखाली लोंबकळत जातं. ‘मैत्री’ तर बर्फाच्या कडेपासून सुमारे शंभर किलोमीटर आत; तिथे पट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्या घसरगाड्या ओढत नेतात. आणि परत येताना जहाज काय आणतं? वर्षभराचा कचरा. तिथे तो टाकून यायचा नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

हे सगळं तिथल्या उन्हाळ्यात, साधारण डिसेंबर ते मार्च एवढ्या काळात उरकावं लागतं. विमानंही त्याच दिवसांत उतरतात. उशीर झाला की समुद्र गोठतो. २००२च्या जूनमध्ये ‘माग्दालेना ओल्डेनडॉर्फ’ हे जहाज १०७ माणसांसह असंच अडकलं होतं. दक्षिण आफ्रिकेच्या ‘अगुल्हास’ जहाजावरच्या हेलिकॉप्टरांनी बहुतेकांना बाहेर काढलं. मी हे वाचलं होतं, पण ताईला कधी बोलले नाही.

ऑगस्टात ताईचंच पोटाचं ऑपरेशन निघालं. भाच्याला सांगायचं का? येण्याचा मार्गच नाही, तर उगाच जिवाला घोर कशाला, असं आम्ही ठरवलं. तो फोनवर आई कुठाय विचारायचा आणि मी ‘देवळात गेलीय’ म्हणायचे. आठ दिवसांनी ताईने स्वतःच सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘मावशी, मला येता आलं नसतं. पण काळजी तरी करू द्यायचीत.’’ आजही ते वाक्य मला टोचतं. दूर असलेल्या माणसापासून घरातलं दुखणं लपवताना आपण त्याला आणखी दूर ढकलतो, हे तेव्हा कळलं.

पुढच्या वर्षी जहाज आलं आणि त्यातून तो परतला. २०२५च्या जूनमध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीने नॉर्वेच्या कोंग्सबर्ग कंपनीबरोबर भारताच्या स्वतःच्या ध्रुवीय जहाजासाठी सामंजस्य करार केला. भाच्याने ही बातमी वाचून दाखवली, तेव्हा आज्जींनी एवढंच विचारलं, ‘‘नी मत्त होगतीयेन?’’ तू पुन्हा जाणार की काय?

तो नुसता हसला. ताई मात्र उठून स्वयंपाकघरात गेली. या वेळी मी तिच्या मागे गेले.