लिंक्ड लिस्टचे आजचे प्रयोजन

लिंक्ड लिस्ट आता कालबाह्य झाली, असे मत वारंवार ऐकू येते. भाषावैज्ञानिकाने या वादात का पडावे, असे वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वाक्य हा घटकांचा क्रम असतो, आणि क्रम संगणकाच्या स्मृतीत कसा ठेवावा हाच येथील प्रश्न होय.

नेवेल, शॉ व सायमन यांनी १९५५-५६ च्या सुमारास ‘लॉजिक थिअरिस्ट’साठी ही रचना योजिली, तेव्हा सिद्धतेचा विस्तार किती होईल हे आधी सांगता येत नव्हते. प्रत्येक घटकासोबत पुढील घटकाचा पत्ता नोंदविला, की घटक कोठेही असले तरी क्रम अबाधित राहतो. मध्ये नवा घटक घालावयाचा तर दोन पत्ते लिहिले की पुरे. ॲरेमध्ये पुढील सर्व घटक सरकवावे लागतात.

हा युक्तिवाद कागदावर आजही खरा आहे. यंत्र मात्र बदलले. आजचा प्रोसेसर बहुधा ६४ बाइटांचा सलग तुकडा एकदम कॅशमध्ये आणतो, त्यामुळे ॲरेतील शेजारी आयतेच हाती येतात. विखुरलेल्या लिस्टमध्ये एक पत्ता वाचल्याशिवाय पुढचा घटक मागविताच येत नाही. शिवाय जागा शोधण्यासाठी साखळीवरून चालत जावे लागते ते निराळेच. ‘घरासमोरच्या’ या पदाचे ‘घर’, ‘समोर’, ‘च्या’ असे तुकडे (सामान्यरूपाचा प्रश्न तूर्त बाजूस ठेवू) वाक्यात बसविताना लिस्ट सोयीची वाटते. पण वीस पदांच्या वाक्यात ॲरे सरकविणेच स्वस्त पडते. आमच्या पाठ्यपुस्तकांनी हे अधिक ठळकपणे सांगावयास हवे.

तथापि एवढ्याने लिस्ट निरुपयोगी ठरत नाही. लिनक्सच्या कर्नेलमध्ये ती सर्रास आढळते. तेथे दुवे घटकाच्याच पोटात असतात. म्हणून एकच घटक अनेक साखळ्यांत राहू शकतो, आणि हाती असलेला घटक शोध न घेता काढता येतो.

आपल्या क्षेत्रातील उदाहरण यांत्रिक भाषांतरातील बीम सर्चचे. तेथे अनेक पर्यायी वाक्ये एकाच वेळी अर्धवट अवस्थेत असतात, व पुष्कळांचा आरंभ समान असतो. प्रत्येकाची संपूर्ण प्रत न ठेवता प्रत्येक शब्दापाशी केवळ मागील शब्दाचा पत्ता ठेवला, तर समान आरंभ एकदाच साठविला जातो. शाखा फुटली तरी जुने काही बदलत नाही. पत्त्याऐवजी अनुक्रमांक ठेवला तरी तत्त्व तेच. ही लिस्टच होय, तिला ते नाव कोणी देवो वा न देवो. अखेरीस निवडलेले वाक्य शेवटाकडून आरंभाकडे वाचावयाचे असते. हा उलटा प्रवास एकदाच घडत असल्यामुळे विखुरलेल्या स्मृतीचा खर्च येथे फारसा जाणवत नाही.